खंड चार

विधेयक रात्री अकराला मेलवर आलं,
सकाळी नऊला मराठी हवं.
कोपरखैरण्यात, माथाडींच्या बैठ्या घरावर
आम्ही मागाहून चढवलेल्या पत्र्याच्या मजल्यावर
पंख्याचं तोंड भिंतीकडे वळवून बसले.
खंड एक, नाव. खंड दोन, व्याख्या.
खंड चार:
कोणत्याही कामगारास पन्नास किलोग्रॅमपेक्षा अधिक भार
वाहावयास लावता येणार नाही.

येणार नाही.
एवढं लिहून मी उठले, पाणी प्यायले.

खाली तात्या जागेच होते.
एकतीस वर्षं तुर्भे, कांदा-बटाटा मार्केट.
मानेचे दोन मणके एकमेकांत बसलेले;
हाक मारली की आधी खांदे वळतात,
मग तात्या.
प्रिंट काढून हातात दिली.
त्यांनी वाचली नाही, तळव्यावर तोलली.
"दीडशे गिराम. आन् वर पिना."

मग ते निघालं.
मांडलं म्हंजी काय, त्यांनी विचारलं.
मंत्री उभे राहतात, परवानगी मागतात,
ती मिळते, बसतात.
"म्हंजी गाडी गाळ्याला लागली. माल अजून वरच."
समितीकडे गेलं, म्हटलं.
"हां. वारईचा वाद."

सात महिने समिती.
व्यापाऱ्यांचं म्हणणं चौऱ्याऐंशी पानं,
पोती बनवणाऱ्यांचं चाळीस,
हाडांच्या डॉक्टरांचं एक, तेही तिरकं स्कॅन झालेलं.
सगळं माझ्याकडेच आलं, पानामागे दर ठरलेला.
शेवटी शिफारस:
"पन्नास किलोग्रॅमपेक्षा" या मजकुराऐवजी
"विहित करण्यात येईल त्यापेक्षा" हा मजकूर दाखल करावा.

मी दाखल केला.
पन्नास माझ्याच बोटाने खोडला,
आणि त्या पानाचेही पैसे घेतले.
तात्यांना बोलले नाही.
जेवताना ते सांगत होते,
पोत्यावर पन्नास छापलेलं असतं, आत साठ भरतात,
मान वाचत नाही, मान मोजते.

मतदानाच्या दुपारी टीव्ही लावला.
सभागृहात दुसऱ्याच कशावरून गोंधळ,
हौद्यात कागद, फलक, कुणीतरी बाकावर चढलेलं.
त्या गलक्यात पीठावरून आवाज आला,
अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं.
खाटेवरून तात्या म्हणाले, "व्हय."
मोठ्याने, टोळीत हजेरीला म्हणायचे तसं.
खंड चार, सुधारल्याप्रमाणे,
विधेयकाचा भाग झाला.
सगळे मिळून अकरा मिनिटं.
"एवढ्यात आमची चाळीस पोती बी उतरत न्हाईत," म्हणाले,
पण खूश होते. चहा मागितला, साखरेचा.

दुसरं सभागृह. सही. राजपत्र.
राजपत्राचं मराठीही मीच केलं.
खंडाचं आता कलम झालं होतं.
कलम एक, पोटकलम तीन:
केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे
नियत करील अशा दिनांकास तो अमलात येईल.
"कंच्या तारखेला?"
अशा दिनांकास, तात्या.
ते भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघत राहिले,
मान न वळवता, अख्खे वळून.

पहाटे साडेतीनला पलीकडच्या जाधवांचा विश्वजीत निघाला.
बावीस वर्षांचा, बिल्ला मिळून दोन महिने झालेले,
आकडा कमरेला, गाडीला किक.
मी दिवा लावून रेल्वेचं कसलंसं सुधारणा विधेयक करत होते.
खाली दार उघडलं.
"इस्वजीत, पन्नासाच्या वर घेऊ नगंस.
कायदा झालाय. आमच्या पोरीनं लिवलाय."

माझं बोट 'विहित'च्या वेलांटीवर.

"व्हय तात्या," तो हसला,
आणि मार्केटच्या बाजूला गाडी वळवली.